एचआयव्हीचे औषध मध्येच का सुटते? ठाणे-नवी मुंबईतील अनुभवावरून

ठाण्यात समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या आणि क्षेत्रकार्यासाठी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीचे औषध देणाऱ्या केंद्रात, येऊ लागलेल्या एका विद्यार्थिनीने असे विचारले आहे की, एचआयव्हीचे औषध सरकार विनामूल्य देते, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यायची असते, ती थांबवली तर काय होईल हे प्रत्येकाला सुरुवातीलाच समजावून सांगितलेले असते, आणि तरीही दर महिन्याच्या यादीत न आलेल्यांची नावे असतातच. तर हे अज्ञान समजायचे, बेफिकिरी समजायची, की आणखी काही? मी अशा केंद्रांत बरीच वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आहे. अज्ञान किंवा बेफिकिरी हेच खरे कारण असलेली माणसे माझ्या पाहण्यात थोडी आहेत. उरलेल्या बहुतेकांना औषधाचे महत्त्व चांगले ठाऊक असते. परंतु ते औषध आणताना, घरात ठेवताना आणि रोज गिळताना आपला आजार कोणाच्या तरी लक्षात येईल ही भीती त्यांना पुढे कधीतरी येणाऱ्या आजारपणापेक्षा जवळची वाटते. आजारपण यायला वर्ष-दोन वर्षे लागतील, पण शेजारी कळले तर उद्या सकाळपासून पोरांना कोणी घरात घेणार नाही, असा तो हिशेब असतो, आणि ती माणसे ज्या वस्तीत राहतात तिथे तो हिशेब पुष्कळदा बरोबरही असतो. म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा औषधाचे महत्त्व सांगत बसण्याने फारसे काही साधत नाही.

वैद्यकीय बाजू आधी थोडक्यात सांगते, कारण तिच्यामुळेच सामाजिक बाजू एवढी पुढे आली आहे. भारतात मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाली. त्या काळी सीडीफोर पेशी (रोगांशी लढणाऱ्या रक्तातील पेशी) ठरावीक मर्यादेखाली उतरल्यावरच औषध सुरू होई, गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागत, आणि कोणाला रक्तक्षय होई, कोणाच्या पायांची आग होई, कोणाचे गाल बसत. 2017 पासून निदान झाले की सीडीफोर कितीही असो, लगेच औषध सुरू करण्याचे धोरण आले, आणि 2020 नंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन व डोलुटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी बहुतेकांना मिळू लागली. ही गोळी नियमित घेतली तर बहुतेकांच्या रक्तातील विषाणू काही महिन्यांत इतके कमी होतात की चाचणीत सापडत नाहीत, आणि अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गोळी थांबली तर काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढतात, पण माणसाला ते जाणवत नाही. त्याला महिनोन्महिने बरेच वाटत राहते. थोडक्यात, औषध सोडण्याची जी शारीरिक कारणे पूर्वी होती ती बरीच कमी झाली आहेत. उरली आहेत ती मुख्यतः सामाजिक.

या बदलाच्या एका परिणामाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पूर्वी माणूस पार खंगून केंद्रात येत असे, घरच्यांनी ते पाहिलेले असे, आणि औषधाने तो उभा राहिला की घरचे लोकही औषधाच्या बाजूचे होत, सासू स्वतः विचारी, "गोळी घेतलीस का?" आता निदान गरोदरपणातील तपासणीत होते, रक्तदानाच्या वेळी होते, एखाद्या शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत होते. माणूस धडधाकट असतो, कामावर जात असतो, आणि त्याच्या आजाराची घरातली एकुलती एक खूण म्हणजे ती गोळ्यांची बाटली असते. ती बाटली नसेल तर त्याला आजार आहे असे कोणीही म्हणणार नाही. औषध सोडण्याचा मोह नेमका इथे सुरू होतो.

ती बाटली तुम्ही केंद्रात पाहिली असेल: प्लॅस्टिकची, तीस गोळ्यांची, औषधांची नावे छापलेली आणि हातात हलली की खुळखुळणारी. दिघा, तुर्भे स्टोअर्स किंवा लोकमान्य नगरच्या एखाद्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, कपाट एकच असते आणि त्याला कुलूप लावले तर का लावले हे विचारले जाते. अशा घरातील एका बाईने बाटलीवरचे लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढले होते, गोळ्या वाजू नयेत म्हणून वर कापूस कोंबला होता आणि बाटली तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली होती. रेशन संपत आले की ती बाटली तिथून निघून धुण्याच्या पावडरीच्या डब्यामागे जाई. हे सगळे तिने कोणीही न शिकवता जमवले होते आणि तिची गोळी चुकत नव्हती. मग गावाहून नणंद बाळंतपणासाठी आली, डबे आवरायचे काम नणंदेच्या आईकडे गेले, आणि दीड महिना औषध बंद पडले. तिच्या केसपेपरवर कोणीतरी "समुपदेशनाची गरज" असे लिहिले होते. तिला गरज होती ती बाटली ठेवायला दुसऱ्या जागेची.

म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना सांगते की, गोळी का घ्यायची हे समजावण्याआधी ती कुठे ठेवणार आहात हे विचारा. घरात कोण कोण आहे, कोणाला माहीत आहे, कोण कधी घरात नसते, पाहुणे केव्हा येतात, हेही विचारा. याच संदर्भात वेळेचा एक मुद्दा आहे. जुन्या रुग्णांपैकी पुष्कळजण अजूनही रात्री नऊ किंवा दहाला गोळी घेतात, कारण पूर्वीच्या गोळीत इफाव्हिरेन्झ असे, तिने गरगरल्यासारखे होई आणि म्हणून ती झोपताना घ्यायला सांगितली जात होती. डोलुटेग्रॅव्हिरच्या गोळीला असे बंधन नाही. ती जेवणाआधी किंवा जेवणानंतर, सकाळी किंवा दुपारी, कधीही घेता येते, फक्त रोजची वेळ शक्यतो एकच असावी. पण कोणी तसे मुद्दाम सांगितले नाही तर माणूस नऊचीच वेळ पाळत राहतो, आणि रात्री नऊ ही नेमकी सगळे घर त्या एका खोलीत बसलेले असण्याची वेळ असते. धुणीभांडी करणारी बाई सकाळी कामावर जाताना रस्त्यात गोळी घेऊ शकते, कारखान्यातील माणूस डब्याच्या सुट्टीत घेऊ शकतो. मुंब्रा आणि भिवंडीतील रुग्ण रमजानमध्ये औषध बंद ठेवतात असे दिसले, तर तेही वेळ बदलून सुटते: इफ्तारनंतर घ्यावी, रोजा मोडत नाही. दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगाव्यात. पित्तावरची पातळ औषधे किंवा चघळण्याच्या गोळ्या आणि ही गोळी एकत्र घेऊ नये. ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. आणि पावसाळ्यात गोळ्या बाटलीतून काढून कागदाच्या पुडीत ठेवू नयेत, त्या दमट होतात. दुसऱ्या डबीत ठेवायच्याच असतील तर डबी घट्ट झाकणाची हवी आणि बाटलीतील ओलावा शोषणारी पुडीही तिच्यात टाकायला हवी.

आता केंद्रापर्यंत येण्याचे. केंद्रे बहुतेक मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत आहेत आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत, म्हणजे मुख्यतः सकाळी, चालतात. नाक्यावर उभा राहणारा बिगारी सकाळी नाक्यावर नसेल तर त्या दिवशी त्याला काम नाही, आणि ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला तर पुढच्या दिवशीही नाही. एपीएमसी बाजारातील माथाडी टोळीत काम करतो. तो गैरहजर राहिला तर मुकादमाला आणि टोळीतल्या सोबत्यांना कारण द्यावे लागते, आणि दर महिन्याला एकच कारण चालत नाही. एमआयडीसीतील कंत्राटी कामगाराचा खाडा पडतो. दिव्याहून किंवा भिवंडीहून येणाऱ्याचे भाडे, चहा, बुडालेली मजुरी आणि दोन-तीन तासांची रांग यांची बेरीज केली की विनामूल्य औषध त्याला कितीला पडते हे कळते. मुरबाड आणि शहापूर भागातील आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्याला तर आधी पायी किंवा टमटमने रस्त्यापर्यंत, मग एसटी, मग लोकल असा प्रवास करावा लागतो. एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्हीबाधितांना प्रवास सवलत आहे, पण ती घ्यायची तर ओळखपत्र वाहकाला दाखवावे लागते, आणि त्या बसमध्ये अर्धे गाव बसलेले असते. म्हणून लोक पूर्ण तिकीट काढतात. सवलत देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण ती वापरणाऱ्याला भर बसमध्ये आपला आजार सांगावा लागणार, याचा विचार कोणी केला नाही.

जवळचे केंद्र सोडून दूरच्या केंद्रात नाव घालणारे रुग्ण तुम्हाला भेटतील. कळव्याचा माणूस वाशीला जातो, ऐरोलीचा मुंबईला जातो, कारण जवळच्या रुग्णालयात त्याच्याच चाळीतील कोणीतरी वॉर्डबॉय किंवा सफाई कामगार आहे, किंवा बायकोची बहीण तिथे बाळंत होणार आहे. पहिली काही वर्षे हे अंतर त्याला सोयीचे वाटते. मग काम बदलते, पाय दुखू लागतात, लोकल बंद पडते, आणि गुपित राखण्यासाठी निवडलेले अंतरच औषध चुकण्याचे कारण होऊन बसते. अशा माणसाला "तुमच्या घराजवळच लिंक केंद्र आहे, तिथे बदली करून देतो" असे सांगितले (लिंक केंद्र म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेले, औषध देणारे छोटे केंद्र) की तो मान डोलावतो आणि तिथे कधीच जात नाही. कागदावर त्याची बदली झालेली असते, प्रत्यक्षात तो दोन्हीकडून सुटलेला असतो. बदली करण्यापूर्वी त्या केंद्राच्या दारात कोण भेटण्याची भीती वाटते हे एकदा विचारावे, आणि बदली केल्यावर तो तिथे पोहोचला का हे त्या केंद्राला फोन करून पाहावे.

ठाणे जिल्हा हा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा जिल्हा आहे. यंत्रमागावर काम करणारा उत्तर प्रदेशचा कामगार लग्नसराईत गावी जातो, साताऱ्याचा माथाडी जत्रेला जातो, कोकणातला गणपतीला जातो, आणि शहापूर-भिवंडीकडील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात. यातील बरेचसे जाणे आधीपासून ठरलेले असते. ज्याला विचारले त्याला जास्तीचे औषध देता येते. अडचण येते ती अचानक जाण्याची: बाप वारला, जमिनीचा वाद निघाला, पोराला शाळेत घालायचे राहिले. पाच दिवसांसाठी गेलेला माणूस महिनाभर राहतो, गोळ्या संपतात आणि गावाकडच्या जिल्ह्यातील केंद्रात जायचे म्हणजे जिथे सगळे ओळखतात तिथेच आजार जाहीर करायचा. उपचारांच्या नोंदी असलेल्या हिरव्या पुस्तकावर कोणत्याही केंद्रात तात्पुरते औषध मिळू शकते हे त्याला सांगितलेले असते, पण ते पुस्तक तो गावी नेत नाही, कारण ते गावच्या घरात सापडू नये असे त्याला वाटते. मोबाइलमध्ये त्या पुस्तकातील नोंदींच्या पानाचा फोटो काढून ठेवायला मी सांगू लागले आहे. ज्याचा मोबाइल घरात दुसरे कोणी हाताळत नाही त्याला ते उपयोगी पडते.

आणि शहरात राहूनही माणसे हरवतात. भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो, घरमालक भाडे वाढवतो, माणूस घणसोलीहून दिघ्याला आणि दिघ्याहून दिव्याला जातो, आणि आपल्या नोंदीतला पत्ता जुना राहतो. त्यातून बऱ्याच जणांनी पहिल्या दिवशी पत्ता मुळातच चुकीचा दिलेला असतो. त्याबद्दल त्यांच्यावर चिडण्याचे कारण नाही. हातात फाइल घेतलेला, कोणाच्याच ओळखीचा नसलेला माणूस चाळीत येऊन एखाद्याचे नाव विचारू लागला की चाळीतले निदान दहा लोक त्याला "काय काम आहे?" असे विचारतात. आपण ज्याला गृहभेट म्हणतो ती त्या कुटुंबासाठी आठवडाभराची चर्चा असते. फोनचेही तसेच आहे: नंबर नवऱ्याचा असतो, नाहीतर मोठ्या मुलाचा. म्हणून नोंदणीच्या दिवशीच दोन गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात. फोन दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू, बचत गटातली की कामावरची? आणि कोणत्या वेळी फोन केला तर तुम्हीच उचलाल? हे विचारले की माणसाला पहिल्यांदा वाटते की या लोकांना आपली अडचण कळते, आणि खरा नंबर बहुधा त्यानंतरच मिळतो.

स्त्रियांबद्दल वेगळे सांगायला हवे. आपल्याकडे विवाहित स्त्रीला लागण बहुतेक वेळा नवऱ्याकडून झालेली असते, पण गरोदरपणातील तपासणीमुळे निदान तिचे आधी होते, आणि जिचे निदान आधी तीच आजार घेऊन आली असे घरात ठरते. नवरा तपासणीला येत नाही. आला तर दुसऱ्या केंद्रात, तिला न सांगता औषध घेऊ लागतो. एकाच घरात दोघेही औषध घेत आहेत आणि दोघेही एकमेकांपासून लपवत आहेत, असे प्रकार घडतात. बाळंतपणापर्यंत ती नियमित येते, कारण बाळाचा प्रश्न असतो आणि दवाखान्यात जायला घराची परवानगी असते. बाळाची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली की तिच्या बाहेर पडण्याचे कारण संपते, आणि तिचे औषधही पुष्कळदा तिथेच थांबते. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष देण्याची वेळ ही आहे, आणि आपली व्यवस्था नेमकी याच वेळी सुटकेचा श्वास टाकते. बाळ दीड वर्षाचे होण्याच्या सुमारास, अंतिम तपासणीआधीच, या पुढे काय सांगून घराबाहेर पडणार हे तिच्याबरोबर बसून ठरवायला हवे.

नवरा वारला तर प्रश्न आणखी वाढतो. सासरचे लोक खोली सोडायला लावतात, माहेरी भाऊ-भावजय ठेवून घेत नाहीत, आणि राहायलाच जागा नसलेल्या बाईला रोज एका वेळी गोळी घे असे सांगणे निष्ठुरपणाचे होते. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि त्याने अशा स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. न्यायालयात जावे लागले तर खरे नाव झाकून टोपणनावाने प्रकरण चालवण्याची तरतूदही त्यात आहे. ही एक गोष्ट कळली तरी कितीतरी जणींचा धीर वाढतो, कारण नाव उघड होईल म्हणूनच त्या तक्रार करत नसतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधित बसतात आणि मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. अर्ज भरायला मदत करा, पण उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्यापासून सेतू केंद्रातल्या मुलापर्यंत किती जणांना आजार कळू शकतो याची कल्पना तिला आधी द्या आणि मगच तिला ठरवू द्या.

जन्मापासून एचआयव्ही असलेली मुले आता वयात आली आहेत. लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय उपचार कार्यक्रम 2006 मध्ये सुरू झाला. त्यातून वाचलेली मुले आज कॉलेजात आहेत, डिलिव्हरीचे काम करतात, मॉलमध्ये नोकरी करतात. त्यांतील पुष्कळांना आजी-आजोबांनी वाढवले आणि ही ताकदीची गोळी आहे असे सांगितले. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की त्याला शाळेतल्या पुस्तकात नाहीतर मोबाइलवर गोळीचे नाव सापडते, आणि मग त्याचा राग आजारापेक्षा आपल्याशी इतकी वर्षे खोटे बोलणाऱ्यांवर असतो. ते औषध फेकते. पालक म्हणतात, ऐकत नाही. मला तरी वाटते की दहाव्या वर्षाच्या आसपास टप्प्याटप्प्याने, वयाला पेलेल एवढे खरे सांगत जाणे याला पर्याय नाही, आणि ते सांगण्याचे काम आजीवर एकटीवर टाकू नये. पुढे वीस-बाविसाव्या वर्षी लग्नाचा विषय निघतो. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून औषध बंद झाल्याचे मी पाहिले आहे, आणि लग्नानंतर नव्या घरात पहिले सहा महिने औषध न घेतल्याचेही. या मुलांना आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलांची ओळख करून दिली तर माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

तृतीयपंथी आणि समलिंगी रुग्णांच्या बाबतीत भीती दुहेरी असते. आधारवरील नाव एक आणि वापरातले दुसरे, रांग बायकांची की पुरुषांची, आणि नाव पुकारताना कोणते पुकारायचे, एवढ्यावरूनही माणूस परत फिरतो. दारूचा प्रश्न मोठा आहे, पण "पिऊन गोळी घेऊ नका" या सल्ल्याचा अर्थ लोक "प्यालो तर गोळी नको" असा घेतात. प्यायले तरी गोळी घ्या, असेच सांगावे. पूर्ण बरे करतो म्हणून हजारो रुपये घेणारे वैदूबाबा अजून आहेत. औषधविषयक नियमांतील ज परिशिष्टात जे आजार बरे करण्याचा दावा औषधावर करता येत नाही त्यांत एड्स आहे, तरी हे चालते.

नोकरीबद्दल. नोकरी देताना एचआयव्ही चाचणीची अट घालणे आणि या आजारावरून कामावरून काढणे या दोन्ही गोष्टींना कायद्याने मनाई आहे. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत आणि वीस किंवा अधिक माणसांच्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात तो अधिकारी कोण हे कामगारांना सोडाच, बऱ्याच कार्यालयांनाही ठाऊक नसते, आणि कंत्राटी कामगाराला काढताना कारण लिहावे लागतच नाही. म्हणून रुग्ण कामावर गोळी नेत नाही, रजेच्या अर्जासोबत रुग्णालयाचा कागद जोडत नाही, आणि खाडा परवडेनासा झाला की केंद्रात येणे सोडतो. आरोग्य सेवेतील भेदभाव तर अधिक लागतो. एका रुग्णाची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली होती. एका खासगी रुग्णालयाने अहवाल पाहून तारीख पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, आणि नंतर यंत्र बिघडले असे सांगितले. तो माणूस आमच्याकडेही येईनासा झाला. त्याच्या लेखी पांढरा कोट घातलेले सगळे एकच होते.

आता आपल्या बाजूची कमतरता. केंद्रांतील समुपदेशक, परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते यांतील बहुतेक कंत्राटी आहेत. रुग्ण एका माणसाला विश्वासाने सगळे सांगतो, वर्षभराने तो माणूस नोकरी सोडतो, आणि नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून सांगण्याचे बळ रुग्णात नसते. गर्दीच्या दिवशी एका खोलीत दोन टेबलांवर दोन रुग्णांशी बोलणे चालते आणि मधे पडदाही नसतो. पुरवठ्याचेही तसेच. 2022 च्या जुलै-ऑगस्टमध्ये डोलुटेग्रॅव्हिर आणि इतर काही औषधांच्या तुटवड्यावरून एचआयव्हीबाधितांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात महिनाभराहून अधिक काळ धरणे धरले होते. औषध थोडे असले की महिन्याऐवजी आठवड्याचे दिले जाते, आणि आठवड्याचे औषध म्हणजे महिन्याला चार खाडे, चार सबबी, ओळखीचे कोणी भेटण्याच्या चार शक्यता. उलट 2020 च्या टाळेबंदीत एकदम दोन-तीन महिन्यांचे औषध दिले गेले, कुठल्याही केंद्रातून दिले गेले, काहींना घरपोच दिले गेले, आणि आमचे कितीतरी रुग्ण त्या काळात आधीपेक्षा नियमित राहिले. ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, दबलेला आहे त्याला तीन महिन्यांचे औषध देण्याची मुभा आता धोरणातच आहे. साठा असेल तेव्हा ते हक्काने द्यावे. "दर महिन्याला आला तर लक्ष राहते" हा जुना युक्तिवाद मला पटत नाही. त्याचा व्हायरल लोड दबलेला आहे, म्हणजे तो स्वतःकडे लक्ष देतोच आहे.

शेवटी, औषध सोडलेला माणूस परत येतो त्या दिवसाबद्दल, कारण क्षेत्रकार्यात तुम्ही त्या टेबलाशी बसणार आहात. तो दारापर्यंत येण्याआधी दोन-तीनदा फाटकावरून परत गेलेला असतो. "इतके दिवस कुठे होता?" हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघतो, आणि त्याला तो पोलीस चौकीतला वाटतो. बसायला सांगावे, आलात ते बरे केले म्हणावे, आणि आधी प्रकृतीचे विचारावे: खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम, कारण खंडानंतर परतणाऱ्यांत क्षयरोग असण्याची शक्यता मोठी असते आणि तो आढळला तर औषधांची मांडणी बदलावी लागते. डोकेदुखी किंवा मान आखडण्याची तक्रार असेल तर रांगेत न बसवता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. सीडीफोरची तपासणी त्याच दिवशी व्हावी. तो 200 च्या खाली असेल तर पुढच्या तपासण्या लागतात. डॉक्टरांना हरकत दिसली नाही तर औषध त्याच दिवशी सुरू होऊ शकते, आणि "आधी तीनदा समुपदेशनाला या, मग देऊ" अशी शिक्षा केली जाऊ नये, एवढे तुम्ही अवश्य पाहा. औषध कशामुळे सुटले हे तो बहुधा पहिल्या दिवशी सांगणार नाही. त्या दिवशी फक्त पुढची तारीख ठरवावी, आणि ती त्याला विचारून ठरवावी. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीकडच्या पुष्कळ कारखान्यांना रविवारऐवजी शुक्रवारी सुट्टी असते. तो तिथे कामाला असेल तर तारीख शुक्रवारची द्यावी.